हिरवं ड्रेसिंग

रिटायर झाल्यापासून घरचे मला एकच गोष्ट सांगतात, आता निवांत बस. मला बसवत नाही. दूध तापत ठेवलं तरी मी ओट्यासमोर येरझारा घालते. कुणी बाहेरगावी गेलं की पोचल्याचा फोन येईपर्यंत तीनदा दार उघडून बघते. नोकरीनंच ही सवय लावली. आमचा धंदा वाट बघण्याचा होता आणि मला तेवढंच कधी जमलं नाही.

मी जालन्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मायक्रोबायोलॉजिस्ट होते. नवीन जालन्यात, तळमजल्यावर लॅब. खिडकीतून पलीकडे बियाण्याच्या कंपनीचं ऑफिस दिसायचं. तिथली माणसं बी किती उगवतं ते तपासायची. मीही उगवणच तपासायचे, फक्त माझ्याकडं उगवलेलं कुणालाच नको असायचं.

काम सांगायला सोपं आहे. पेशंटचा पू, लघवी, थुंकी, रक्त असं काही ना काही यायचं. ते जेलीसारख्या अन्नावर चोळायचं, की झाली आमची प्लेट. मग ती अंगाइतकी ऊब असलेल्या कपाटात ठेवायची. एक जंतू डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचे दोन, दोनाचे चार करत सकाळपर्यंत लाखोंची वस्ती होते आणि मोहरीएवढा ठिपका दिसायला लागतो. तो कोण ते ओळखायचं. मग दुसऱ्या प्लेटवर त्याला सारवल्यासारखं पसरायचं आणि वर औषधाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी जिच्याभोवती मोकळं वर्तुळ दिसेल ते औषध लागू. म्हणजे एक दिवस नाव कळायला आणि आणखी एक दिवस औषध कळायला. मोठ्या शहरांत आता यंत्रं आहेत, ती थोडी घाई करतात. आमच्याकडे कपाट होतं आणि भिंतीवर घड्याळ होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका आडत दुकानाचे शेठजी आईच्या लघवीचा नमुना लोणच्याच्या बरणीत घेऊन आले. बरणी धुतली होती का, असं विचारलं तर म्हणाले, "बाईसा, बिलकुल धुतली. झाकणाला थोडं तेल राह्यलं असंल फक्त." मी निर्जंतुक बाटली देऊन परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते बाटली आणि बरणी दोन्ही घेऊन हजर. म्हणाले, "दोन्ही तपासा. आमची बरणी किती साफ हाय ते तरी कळंल." एका बाईनं तर काउंटरवर वाकून हळूच सांगितलं होतं, "मॅडम, रिपोर्ट जरा चांगला लिहा, माहेरी दाखवायचाय."

अशा गोष्टींवर आम्ही हसायचो. पण एक ड्रेसिंग आलं त्यानंतर मी बराच काळ हसले नाही.

एमआयडीसीत भंगार वितळवून लोखंड करणारे कारखाने आहेत. भंगारात कुठं ओल राहून गेली की वितळलेल्या लोखंडात तिची एकदम वाफ होते आणि भट्टी उसळते. अशाच एका भट्टीवरचे दोघं जण आमच्याकडं आले. हनीफभाई आणि बबन. बरेच दिवस एकाच पाळीला असलेले जोडीदार. हनीफभाई जास्त भाजले होते, दोन्ही मांड्या, पोट आणि उजवा हात. बबनची पाठ आणि दंड. वरच्या मजल्यावर भाजलेल्यांच्या खोलीत शेजारीशेजारी खाटा होत्या. मी जखमेचा स्वॅब, म्हणजे कापूस लावलेली काडी, फिरवायला जायचे तेव्हा हनीफभाईंची बडबड चालू असायची.

"ताई, जल्दी करा. चहा थंडा होऊन राह्यलाय."

"तुम्हाला दुखत नाही का हो?"

"दुखतंय ना. म्हणून तर बोलून राह्यलो. बबन्याला इच्यारा, त्यो गप पडतो म्हणून त्याला जास्ती दुखतं."

बबन नुसता हसायचा. तो लवकर घरी जाईल असं सगळ्यांना वाटत होतं. त्याची बायको सविता चंदनझिऱ्याहून डबा घेऊन यायची आणि त्या डब्यात हनीफभाईंचाही वाटा असायचा.

एके दिवशी सकाळी मंगल सिस्टर लॅबच्या दारात उभी राहिली. वरच्या खोलीचं ड्रेसिंग तीच करायची. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये बबनच्या पाठीवरून काढलेली पट्टी होती.

"मॅडम, हे बघा. हिरवं निघालं."

पट्टीवर निळसर हिरवा डाग होता आणि वास गोडसर, कडवंचीकडची द्राक्षं पेटीत राहून उतरायला लागली की येतो तसा. हा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. याचं नाव स्यूडोमोनस. ओलीत राहतो. नळात, मोरीत, कुंडीतल्या मातीत सगळीकडे असतो आणि धडधाकट माणसाचं काही बिघडवत नाही. पण ज्याची कातडीच जळून गेलीय त्याच्यासाठी हा काळ आहे.

मी काचेवर नमुना पसरून रंग दिला. या रंगाची गंमत अशी की तो जंतूची भिंत सांगतो. काहींची भिंत जाड असते, ते जांभळा रंग धरून ठेवतात. काहींची भिंत पातळ, पण तिच्यावरून चरबीचं आणखी एक पांघरूण. त्यांच्यातून जांभळा धुऊन निघतो, मग त्यांच्यावर दुसरा लाल रंग चढवायचा. माझ्या काचेवर गुलाबी काड्याच काड्या होत्या. पांघरूणवाले. औषधाला आत शिरायला हेच अवघड.

सर्जन लोढा डॉक्टरांना मी फोन न करता वर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "औषध कोणतं लागेल?"

"परवा सांगू शकेन."

"वाघमारे मॅडम, परवा?"

"उगवायला वेळ लागतो, सर."

त्यांनी अंदाजानं इंजेक्शन सुरू केलं. दुसरं काय करणार! मी दिवसभरात कितीदा कपाट उघडलं असेल ते मलाच माहीत नाही. कपाट सारखं उघडलं की ऊब जाते आणि उगवण मंदावते, हे मी शिकाऊ मुलींना रागावून सांगायचे. दुसऱ्या दिवशी प्लेट हिरवीगार झाली होती. मी चकत्या लावल्या. त्याच दिवशी बबनला थंडी वाजून ताप भरला, रक्तदाब खाली यायला लागला. जंतू रक्तात उतरला होता.

तिसऱ्या दिवशी मी वेळेच्या आधीच लॅबमध्ये गेले. प्लेट उजेडात धरली. एकाही चकतीभोवती मोकळी जागा नव्हती. जंतू प्रत्येक औषधाच्या अगदी कडेपर्यंत वाढला होता. मी तसाच रिपोर्ट घेतला आणि जिना चढले.

खाटेवरची गादी गुंडाळलेली होती. मावशी फिनेलनं फरशी पुसत होत्या. शेजारच्या खाटेवर हनीफभाई भिंतीकडं तोंड करून पडले होते. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत.

"बबन्या गेला, ताई," ते भिंतीकडंच बघत म्हणाले. "माझ्याहून कमी जळाल्ता त्यो."

हातातला रिपोर्ट कुणाला द्यायचा ते मला कळेना. मी तो घेऊन खाली आले.

दोन दिवसांनी हनीफभाईंचं ड्रेसिंग हिरवं निघालं. आणि त्यानंतर लगेच, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या एका बाईचं. त्या बाईचा भट्टीशी, कारखान्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे जंतू आमच्याच खोलीत होता. आम्हीच तो देत होतो.

हनीफभाईंची बायको शाहीन लॅबच्या बाहेर बाकावर बसून असायची. तिनं मला अडवलं.

"मॅडम, औषध तर चालू हाय ना? मंग ताप काहून उतरंना?"

मी तिच्याजवळ उभी राहिले. तिला खोटं सांगायचं नव्हतं.

"शाहीन, समज एक घर आहे. बाहेरून जाड गिलावा. आत जायला अगदी बारीक झरोके. औषध त्या झरोक्यातूनच जाऊ शकतं. या जंतूनं झरोके अजून लहान करून घेतलेत. त्यातूनही औषध घुसलंच, तर आत पंप आहेत. विहिरीतलं पाणी उपसावं तसं तो औषध उपसून बाहेर टाकतो."

"एवढं सगळं त्या जंतूत?"

"एवढंच त्याच्यात आहे. भिंत, पंप आणि खायची सोय."

तिनं लॅबच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग भिंतच पाडायचं औषध न्हाई का?"

होतं. एक जुनं इंजेक्शन, जे ते चरबीचं पांघरूणच फाडतं. पण ते किडनीलाही मारतं म्हणून डॉक्टर शेवटी काढतात. त्याची चाचणी चकतीवर भरवशाची होत नाही. ओळीनं नळ्या लावून, प्रत्येकीत औषध कमीजास्त घालून बघावं लागतं. मी नळ्या लावल्या. लोढा डॉक्टर मात्र या वेळी थांबायला तयार नव्हते.

"तुमच्या नळ्या उद्या बोलतील. मी आजच देतो," ते म्हणाले. "बबनच्या वेळी थांबून काय मिळालं?"

त्यांनी शाहीनला किडनीचा धोका समजावून सांगितला आणि इंजेक्शन सुरू केलं. दुसऱ्या सकाळी माझ्या नळ्या बघितल्या. जिथं औषध पुरेसं होतं तिथं पाणी स्वच्छ, काही उगवलेलं नाही. मी दोन दोन पायऱ्या एकदम चढत वर गेले.

आता एकच प्रश्न होता, हा येतो कुठून? मी खोलीतली वस्तू न् वस्तू पुसून प्लेटवर लावली. खाटांच्या कडा, कात्र्या, मलमाचा डबा, सिस्टरांचे हात, खुद्द लोढा डॉक्टरांचा हात. जंतू उगवले, पण साधे. पाणी तर आधीच तपासून झालं होतं. टाकीचं पाणी, नळाचं पाणी, दोन्हींत तो नव्हता. कपाट भरलं, टेबल भरलं, आणि हिरवं कुठंच दिसेना. रात्री झोप लागायची नाही. जेवताना मध्येच उठून मी हात धुवायचे.

शेवटी लॅब सहकाऱ्यांवर सोपवून मी ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन कोपऱ्यात उभी राहिले. मंगल सिस्टर जखम धुवायच्या तयारीत होती. तिथं नळाला एक लांब रबरी पाइप जोडलेला होता, टोकाला फवाऱ्याची जाळी. पेशंटला हलवायला नको म्हणून ही सोय केलेली. तिनं नळ सोडला आणि पहिली धार सरळ स्टोव्हवाल्या बाईच्या मांडीकडं नेली.

"थांब!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की ती बाईही दचकली. "आधी थोडं पाणी वाहू देत नाहीस?"

"मॅडम, नळाला पाणी किती दिवसांनी येऊन राह्यलंय? हे टँकरचं हाय. मोरीत कसं सोडू?"

ती बरोबर होती. जालन्यात पाणी सांडणं म्हणजे पाप. पण माझ्या डोक्यात दिवा लागला. पिण्याचं पाणी तपासताना नळ आधी थोडा वेळ वाहू देतात आणि मग बाटली भरतात, तसा नियमच आहे. आमचा नमुना तसाच, पाइप काढून, थेट नळाचा घेतलेला. जखमेवर मात्र पाइपमध्ये रात्रभर साचलेलं पाणी पडत होतं.

हा जंतू एकटा असला की शेपटीनं पोहतो. ओली, गुळगुळीत जागा सापडली की शेपटी सोडून देतो, चिकटतो आणि अंगातून बुळबुळीत चिकटा सोडून स्वतःभोवती घर बांधतो. शेजारी येतात, वस्ती वाढते. त्या चिकट्याच्या आत क्लोरीनही नीट पोचत नाही. आणि मग एखाद दिवशी त्यातले काही पुन्हा शेपटी काढून पाण्याबरोबर निघतात. औषधांना दाद न देणारा हा जंतू आधीच्या कुठल्या तरी पेशंटची जखम धुताना उडून या पाइपात शिरला असावा आणि तिथं त्यानं बिऱ्हाड केलं असावं.

मी पाइपातली पहिली धार बाटलीत घेतली आणि लोढा डॉक्टरांना बोलावलं.

"सर, हा पाइप आत्ताच्या आत्ता बंद करायचा."

"रिपोर्ट कुठंय?"

"उद्या."

"मॅडम, आज पाच जणांची ड्रेसिंगं आहेत. या खोलीशिवाय ती कशी करू? सगळ्यांना संभाजीनगरला पाठवू? तुमचा अंदाज चुकला तर?"

"त्या दिवशी तुम्ही नळ्यांसाठी थांबला नाहीत, सर. आज मी कशाला थांबू?"

त्यांचा चेहरा लाल झाला. मंगल सिस्टर जमिनीकडं बघायला लागली. त्यांनी खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग त्यांनी ट्रेमधली मोठी कात्री उचलली, नळ बंद केला आणि पाइप मधोमध कापला. तेवढ्यावर थांबले नाहीत. तुकडा घेऊन तो उभा चिरला आणि खिडकीशी नेऊन उलगडला.

आतून सगळा पाइप चकचकीत होता. भेंडी चिरल्यावर सुरीला लागतो तसा चिकटा, आणि त्यात हिरवट झाक.

डॉक्टरांनी हातमोजा काढला आणि म्हणाले, "सिस्टर, पाणी उकळून गार करा. आजपासून त्यानंच धुवायचं." मग ते बाहेर गेले आणि बराच वेळ जिन्यात कठडा धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्या चिकट्याची प्लेट हिरवी उगवली. बबनचा, हनीफभाईंचा आणि त्या बाईचा जंतू तोच होता. नवीन कुणाला तो झाला नाही. तेच इंजेक्शन घेऊन स्टोव्हवाली बाई वाचली. हनीफभाईंचा ताप उतरला. किडनी मध्येच डगमगली, लघवी कमी झाली, शाहीन पुन्हा बाकावर येऊन बसली, आणि मग किडनी सावरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आखडली ती आखडलीच.

घरी जायच्या दिवशी ते शाहीनसोबत लॅबमध्ये आले. म्हणाले, "ताई, दाखवा त्याला. बघायचाय मला."

मी काचेवर जिवंत थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शक लावून दिला. ते एक डोळा मिटून खूप वेळ बघत राहिले.

"हे तर पळून राह्यलेत."

"शेपटी आहे त्यांना. गरगर फिरते."

"याचं डोकं कुठंय?"

"डोकं नाही. डोळे नाहीत, पोट नाही. आत एक गुंडाळलेला धागा असतो, त्यात त्याला जगायला लागणारं सगळं लिहिलेलं. भोवती भिंत. झालं."

"मंग बबन्याशी याची काय दुश्मनी?"

"दुश्मनी नाही, हनीफभाई. त्याला ओल लागते आणि खायला लागतं."

ते सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून माझ्याकडं बघत राहिले. ज्याच्यावर राग काढायचा तो एवढासा, आणि त्याला बबन कोण हेसुद्धा माहीत नाही. हे पचायला मलाही जड गेलं होतं.

"त्या पाइपाचं बबन्याच्या घरी म्हाईत हाय का?" त्यांनी विचारलं.

माहीत नव्हतं. त्याच्या भावाला 'इन्फेक्शन झालं' एवढंच सांगितलेलं होतं. रोज ते माझ्या मनात येत होतं आणि रोज मी दुसरं काहीतरी काम काढत होते.

"मी चाललोय तिकडंच, सविताभाभीकडं," ते म्हणाले. "सांगू का नको?"

"तुम्ही नका सांगू," मी म्हणाले आणि ॲप्रन काढला. "मी येते."

लोढा डॉक्टर जिन्याजवळच भेटले. मी कुठं निघाले ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "सगळं सांगणार?"

"सगळं."

त्यांनी हातातली फाइल काखेत धरली. मग म्हणाले, "सांगा. आणि उद्या मला घेऊन चला. मलाही जायला पाहिजे."

आम्ही तिघं ऑटोनं चंदनझिऱ्याला गेलो. सविता दारातच मेथी निवडत बसली होती. हनीफभाईंना चालत आलेलं बघून ती उठली, त्यांच्या हाताकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मी उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. हिरव्या पट्टीपासून ते चिरलेल्या पाइपापर्यंत. ती ओरडेल, शिव्या देईल, दार लावून घेईल, सगळ्याची तयारी करून गेले होते. तिनं एकदाही मला मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर ती मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली,

"ते म्हणायचे, धुताना त्या पाण्यानं बरं वाटतं. तेवढा वेळ आग व्हत न्हाई."

शाहीन रडायला लागली. सविता आत गेली आणि तांब्या भरून पाणी आणि पेला घेऊन आली. हनीफभाईंनी डाव्या हातानं पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. तिनं तो पुन्हा भरला आणि माझ्यापुढं धरला. मी प्याले.